विरघळणारी पिशवी आणि माजलगावचे पाणी

गळाने मासे धरणाऱ्या हौशी लोकांच्या सामानात एक पातळ, पारदर्शक पिशवी असते. हाताला ती प्लास्टिकची वाटते. तिच्यात कोरडे खाद्य भरायचे, शिसे आणि गळ आत ठेवायचा, तोंड घट्ट बांधायचे आणि सगळे एकदम पाण्यात फेकायचे. तळाशी टेकल्यावर पिशवी विरघळते. मागे खाद्याचा लहानसा ढीग उरतो आणि त्याच ढिगात गळ. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, म्हणजे पीव्हीए, या पदार्थाची ती बनवलेली असते. त्याचाच दोरा मिळतो, त्याचीच पायमोज्यासारखी नळकांडी जाळीही मिळते. इंग्लंड-युरोपातल्या तळ्यांवर सायप्रिनस जातीचे मासे धरणाऱ्यांनी हे तंत्र कित्येक वर्षे घोटवले आहे. ऑनलाइन खरेदीमुळे आता ते सामान कुठल्याही तालुक्याच्या गावी मागवता येते.

बीड जिल्ह्यात ही पिशवी वापरावी का, हा प्रश्न वरवर पाहता मूठभर लोकांचा आहे. तरीही तो इथे नीट तपासून घ्यावा असे मला वाटते, कारण इथले पाणी थोडे आहे आणि त्यावर हक्क सांगणारे पुष्कळ आहेत. जिल्ह्याचा वार्षिक सरासरी पाऊस सुमारे ६६६ मिलीमीटर, आणि सरासरी गाठणारे वर्ष दरवेळी येतेच असे नाही. सिंदफणेवरचे माजलगाव धरण, केज तालुक्यात धनेगावचे मांजरा धरण, पालीजवळचा बिंदुसरा प्रकल्प आणि गावोगावचे पाझर तलाव, साठवण तलाव, ही इथल्या माशांची मुख्य ठिकाणे. माजलगावचे पाणी बीड शहर पिते. मांजराचे पाणी लातूर पिते, अंबाजोगाई आणि केज पिते. २०१६ साली मांजरा कोरडे पडले तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. जे पाणी असे मोजून प्यावे लागते, त्यात हौसेसाठी काय टाकावे आणि काय टाकू नये, हा प्रश्न मग मूठभरांचा राहत नाही.

आधी वस्तू समजून घेऊ. १९२४ साली विली हेरमान आणि वोल्फ्राम हेनेल या जर्मन रसायनतज्ज्ञांनी पीव्हीए प्रथम तयार केले. सुतार लाकूड चिकटवायला जो पांढरा गोंद वापरतात, त्यातला मुख्य घटक पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट. त्याच्यावर प्रक्रिया केली की पीव्हीए मिळते. ही प्रक्रिया जवळजवळ पूर्ण केली तर रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींना घट्ट धरून बसतात आणि त्यांना सोडवायला कढत पाणी लागते. बारा टक्क्यांच्या आसपास भाग मूळचा तसाच राहू दिला की साखळ्यांची वीण सैल पडते, मग गार पाणीही आत शिरते आणि त्यांना मोकळे करते. गळवाल्यांची पिशवी या दुसऱ्या प्रकारची. हाच पदार्थ गिरणीत ताण्याच्या सुताला खळ देण्यासाठी वापरतात, औषधी गोळ्यांच्या आवरणात असतो, कोरड्या डोळ्यांत घालायच्या थेंबांत असतो. त्यामुळे पिशवीने पाणी विषारी होईल, माशाला बाधेल, असे कोणी म्हणत असेल तर ते सोडून द्यावे. खरा आक्षेप वेगळा आहे आणि त्याकडे पुढे येतोच.

पिशवीच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. माजलगाव धरणात पाणी उतरले की काठापासून दूरवर चिखलाचा पट्टा उघडा पडतो. काळ्या मातीचा हा गाळ असा, की माणूस गुडघाभर रुततो. पाण्याजवळ जाता येत नाही, म्हणून गळ लांब फेकावा लागतो. पिठाचा गोळा लांब फेकला की हिसक्याने अर्ध्या वाटेतच सुटून पडतो. बांधलेली पिशवी सुटत नाही. खाद्य आणि गळ एकाच ठिकाणी, एकाच वेळी पोहोचतात. तळाशी मऊ गाळ असला तर उघडा गळ त्यात बुडून दिसेनासा होतो. पिशवीतला गळ खाद्याच्या ढिगावर राहतो. पाण्याखाली बुडालेल्या बाभळींच्या काटक्या, शेवाळ, कुजका पाला यांत गळाचे टोक अडकण्याचा धोकाही कमी होतो, कारण खाली जाईपर्यंत ते टोक झाकलेले असते.

आणखी एक मुद्दा मला या सगळ्यांहून मोलाचा वाटतो. गळाच्या जागी मासे जमावेत म्हणून आपल्याकडे आधी चारा टाकतात. शेंगदाण्याची पेंड, भाताचा कोंडा, मक्याचा भरडा, शिळ्या भाकरीचा चुरा, असे बरेच काही पाण्यात जाते, आणि ते किलोच्या मापाने जाते. माशांनी खाल्ले ते खाल्ले. उरलेले तळाशी कुजते आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते. भर उन्हाळ्यात उथळ, कोमट पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो, आणि पहाटे तर सर्वांत कमी. पिशवीत मूठभर खाद्य मावते आणि ते नेमके गळाभोवतीच पडते. म्हणजे पिशवी वापरणारा माणूस पाण्यात एकूण कमी अन्न टाकतो. विरघळणाऱ्या वस्तूचा हा पाण्याच्या बाजूचा फायदा आहे आणि तो मान्य केला पाहिजे.

आता दुसरी बाजू. हे तंत्र थंड हवेच्या देशात वाढले. तिथे हिवाळ्यात पाणी इतके गार असते की पिशवी विरघळायला वेळ लागतो, म्हणून लवकर विरघळणाऱ्या पिशव्यांचे कौतुक. आपल्याकडे उन्हाळ्यात तलावाचे वरचे पाणी तीस अंशांच्या घरात जाते. इतक्या कोमट पाण्यात पातळ पिशवी बुडता बुडताच फुटू लागते. पाणी खोल असेल तर खाद्य वाटेतच पसरते, आणि ज्या नेमकेपणासाठी पैसे मोजले तोच हातचा जातो. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणाने पिशव्या एकमेकींना चिकटतात. घामेजल्या बोटांनी तोंड बांधताना बोटांखालीच विरघळतात. भिजवलेला मका, ओले पीठ, शिजवलेले हरभरे आत भरताच येत नाहीत. भरायचेच तर खाद्य एकतर कोरडे हवे, किंवा तेलात घोळवलेले. पीव्हीए तेलात विरघळत नाही. खूप खारट द्रवही चालतो, कारण दाट मिठाच्या पाण्यात हा पदार्थ सहजी सुटत नाही. करडईच्या तेलात परतलेला मक्याचा भरडा पिशवीत उत्तम राहील. परंतु आपल्या लोकांची सवय ओल्या गोळ्याची आहे, आणि त्या सवयीमागे कारण आहे.

कोणता मासा हवा, यावरही पुष्कळ अवलंबून आहे. कटल्याचे तोंड वर वळलेले असते. तो पाण्याच्या वरच्या आणि मधल्या थरात सूक्ष्म प्राणी गाळून खातो. रोहू मधल्या थरात हिंडतो. मृगळ आणि सायप्रिनस तळाशी चिखल हुंगत, उकरत चरतात. तळाशी विरघळणारी पिशवी मृगळाला आणि सायप्रिनसला गाठेल. कटल्याच्या ती वाटेतच नसते. त्याला हवा पाण्यात लोंबणारा, हळूहळू भुरभुरणारा गोळा, ज्याच्याभोवती पिठाचा धूसर ढग तयार होतो. धरणावर ज्या मोठ्या माशाची सगळ्यांना आस असते तो बहुधा कटला. हे कळले की पिशवीबद्दलची ओढ निम्मी ओसरते.

इथे माझे खरे म्हणणे येते. विरघळणारे आमिष आपल्याला नवे नाही. ते प्रत्येक घरातल्या पिठाच्या डब्यात आहे. गव्हाच्या पिठात ग्लुटेन असते. पाणी घालून मळले की त्याची चिवट जाळी तयार होते आणि गोळा पाण्यात बराच वेळ टिकतो. ज्वारी-बाजरीत ग्लुटेन नाही, म्हणून त्यांच्या पिठाचा गोळा पाण्यात पटकन सुटतो. भाकरी थापणाऱ्या प्रत्येक बाईला हा फरक हाताने ठाऊक आहे. या दोन पिठांचे प्रमाण बदलले की गोळा किती वेळात फुटेल हे ठरवता येते. कोंडा किंवा भरडा वाढवला तर लवकर फुटतो. गूळ घातला तर चिकटपणा येतो आणि गोडवा पाण्यात पसरतो. बाजारात मिळणारी तारेची स्प्रिंग, तिच्याभोवती चार-सहा गळ आणि वर घट्ट दाबलेले पीठ, ही जुळणी देशभर रोहू-कटल्यासाठी वापरली जाते आणि ती तेच काम करते जे पीव्हीएची पिशवी करते. खाद्य आणि गळ एकत्र खाली जातात, खाद्य सुटते, मासा येतो. फरक एवढाच की इथे पाण्यात जे सुटते ते सगळेच्या सगळे अन्न असते.

या ज्ञानाची मुळेही आपल्याच मुलखाच्या शेजारची आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात, ११३० च्या सुमारास, ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. अंबाजोगाईचा परिसरही त्या काळी चालुक्यांच्या सत्तेखाली होता. या ग्रंथातल्या करमणुकीच्या भागात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांना चारायचे खाद्य, गळाची दोरी आणि काठी यांचे त्यात वर्णन आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली त्यावर लेख लिहून ते अभ्यासकांपुढे आणले. आठ-नऊशे वर्षांपूर्वी इथल्या राजदरबारात माशाला काय चारावे याचा इतका बारकाईने विचार होत होता. आज इथला तरुण परदेशी व्हिडिओ पाहून पिशवी मागवतो, त्याला दोष द्यायचे कारण नाही. कुतूहल चांगलेच आहे. मात्र शेजारच्या म्हाताऱ्या भोयाला पिठाचे प्रमाण विचारावे, हेही त्याला कोणीतरी सांगायला हवे.

तरी पिठाची बाजू फार ताणू नये. पिठाच्या गोळ्याला चिलापीची पिल्ले चारही बाजूंनी टोचतात आणि मोठा मासा येण्याआधीच गळ उघडा पडतो. तारेच्या स्प्रिंगभोवतीचे चार-सहा गळ माशाला तोंडाबाहेर, कल्ल्यावर, अंगावरही टोचतात. पिशवीच्या पद्धतीत साधारण एकच गळ असतो. धरलेला मासा परत सोडायचा असेल, तर एक गळ बरा यात शंका नाही. आपल्याकडे मासा घरी नेऊन खातात, म्हणून हा मुद्दा फार मांडला जात नाही. पण लहान मासा सोडून द्यावा, वाढू द्यावा, असे वाटणारे लोकही आहेत, आणि त्यांच्या हातातला एक गळ त्या माशाला जगवतो.

आता तो आक्षेप, जो मला सर्वांत गंभीर वाटतो. साखर चहात विरघळली तरी ती कपात असतेच. पीव्हीए डोळ्यांपुढून जाते, पाण्यातून जात नाही. ते पूर्णपणे मोडायचे तर विशिष्ट जिवाणू लागतात. सूदोमोनास वंशातला असा जिवाणू जपानी संशोधकांनी १९७० च्या दशकात नोंदवला. गिरणीच्या सांडपाण्यात, जिथे हा पदार्थ रोज येतो आणि जिवाणूंना त्याची सवय झालेली असते, तिथे तो बऱ्यापैकी मोडतो. साध्या तलावात असे जिवाणू विरळ असतात. तळाच्या प्राणवायू नसलेल्या काळ्या गाळात तर हे काम आणखी रेंगाळते.

या प्रश्नावर अमेरिकेत मोठा वाद झाला, माशांवरून नव्हे, कपडे धुण्याच्या साबणाच्या विरघळणाऱ्या पुड्यांवरून. २०२१ साली ऍरिझोना राज्य विद्यापीठाशी संबंधित दोन संशोधकांनी हिशेब मांडला की या पुड्यांतले सुमारे तीन चतुर्थांश पीव्हीए सांडपाणी प्रक्रियेतून न मोडता बाहेर पडत असावे. त्या अभ्यासाला पैसा पुरवणारी कंपनी पीव्हीए नसलेला साबण विकते, आणि आकडे मोजलेले नव्हते, गणिती अंदाजाचे होते. साबण उद्योगाने ते फेटाळले. २०२२ मध्ये तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेकडे या पुड्यांविरुद्ध अर्ज गेला आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये संस्थेने तो नामंजूर केला. दोन्ही बाजूंनी आपापले हित सांभाळत बोलणारे लोक होते. मी त्यातून एवढेच घेतो: आधुनिक सांडपाणी केंद्रात जे मोडते की नाही यावर तज्ज्ञ भांडतात, ते पाझर तलावात आपोआप मोडेल असे गृहीत धरू नये. पाकिटावर ‘पर्यावरणस्नेही’ लिहिलेले असले तरी ते विधान कोणत्या पाण्याबद्दल, किती दिवसांबद्दल, हे विचारावे. कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकसाठी भारतात जे प्रमाण आहे, तेही तापवलेल्या खतखड्ड्यातल्या परिस्थितीचे आहे, धरणाच्या तळाचे नाही.

मग प्रमाण किती, ते मोजू. सात सेंटीमीटर रुंद आणि पंधरा सेंटीमीटर लांब पिशवी घेतली, तिची जाडी तीस मायक्रॉन धरली, तर दोन्ही बाजू मिळून तिच्यातले पीव्हीए जेमतेम पाऊण ग्रॅम भरते. समजा माजलगावच्या काठावर दर रविवारी पन्नास हौशी लोक बसले आणि प्रत्येकाने वीस पिशव्या वापरल्या. वर्षभरात चाळीस किलोच्या आसपास पीव्हीए धरणात जाईल. माजलगावचा उपयुक्त साठा ३१२ दशलक्ष घनमीटर. धरण भरलेले असताना हे प्रमाण दर लिटरमागे एका ग्रॅमचा सुमारे पाऊण कोटीवा भाग येते. बीड शहराच्या पिण्याच्या पाण्याचा यावरून बाऊ करणे चुकीचे ठरेल. त्याच धरणात उसाच्या शेतातून वाहून येणारे खत आणि गावांचे सांडपाणी यांची चर्चा न करता गळवाल्याच्या पिशवीवर बोट ठेवणे अन्यायाचे होईल.

हेच गणित गावच्या पाझर तलावावर करून पाहा. मे महिन्यात पाणी आटून एक हेक्टरभर, सरासरी मीटरभर खोल डबके उरले आहे. दहाच जण, दहाच रविवार, तितक्याच पिशव्या. दीड किलोच्या आसपास पीव्हीए एक कोटी लिटर पाण्यात जाते. प्रमाण माजलगावच्या तुलनेत हजार पटींहून जास्त होते. तेही विषारी नाही, पण आता ते नगण्यही म्हणता येत नाही. शिवाय त्या डबक्यावर गुरे येतात, शेजारच्या विहिरी त्याच्या पाझरावर जगतात, आणि त्या पाझराशिवाय साठलेल्या पाण्याला बाहेर जायला वाट नसते. माझा निर्णय या दोन आकड्यांमधल्या अंतरावर उभा आहे.

काठावरचा दुसरा कचराही याच तराजूत घालायला हवा, नाहीतर मोजमाप खोटे ठरेल. तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, पाण्यात शेकडो वर्षे राहतो असे म्हणतात. वर्षे किती ते सोडा, पण बाभळीत अडकून तुटलेला दोरा बगळ्याच्या, टिटवीच्या पायात गुंडाळतो हे काठावर डोळे उघडे ठेवणाऱ्या कोणालाही दिसते. महाराष्ट्राने २०१८ साली प्लास्टिकबंदी आणली, केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या अनेक वस्तू बंद केल्या. केंद्राच्या त्या यादीत तंगुसाचे नाव नाही. शिसे तर त्याहून वाईट. इंग्लंडमध्ये राजहंस गळवाल्यांची शिशाची लहान वजने गिळून मरू लागले, म्हणून १९८७ साली अशा वजनांच्या विक्रीवर बंदी आली आणि तिथल्या गळवाल्यांनी दुसऱ्या धातूंची वजने स्वीकारली. आपल्याकडे शिसे अजून सर्रास चालते. आणि मराठवाड्यातल्या जलाशयांवर जाळी टाकायला जाणारे मच्छीमार ज्या थर्माकोलच्या तराफ्यावर बसतात, त्याचे पांढरे दाणे काठाकाठाने साचतात. ते गरिबीतून आलेले साधन आहे; त्याला पर्याय द्यायचा तर नावेसाठी अनुदान हवे. पण जो माणूस हौसेसाठी आला आहे त्याने तरी पीव्हीएच्या पाऊण ग्रॅमची चर्चा करताना आपला तुटलेला तंगूस खिशात घालून घरी न्यावा.

यात मालकीचा प्रश्नही आहे आणि तो रसायनाहून नाजूक आहे. राज्यातल्या जलाशयांतले मासेमारीचे हक्क ठेक्याने दिले जातात आणि त्यात मच्छीमार सहकारी संस्थांना प्राधान्य असते. कटला, रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात प्रजनन करत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी प्रेरित प्रजनन यशस्वी केले, आणि त्यानंतर देशभरच्या तलावांना या माशांचे बीज मिळू लागले. म्हणजे तलावातला रोहू कोणीतरी विकत घेऊन सोडलेला असतो. मत्स्यजिरे, मग अर्धबोटुकली, मग बोटुकली, असा तो वाढतो, आणि बोटुकलीचे पैसे संस्था भरते. सायप्रिनस मात्र तलावातही वाढतो; तो १९३९ साली श्रीलंकेतून निलगिरीत आणि १९५७ साली थायलंडमधून आणलेला पाहुणा आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषी दर्जा देण्याचा निर्णय घेतला. मग तलावातले मासे हे भोई कुटुंबाचे उभे पीक आहे असेच समजावे लागेल. उभ्या पिकात शिरताना विचारायचे असते.

साध्या गळाने दिवसभर बसून दोन मासे मिळत असतील तर संस्था सहसा कानाडोळा करते. पण नेमके खाद्य पोहोचवणारी पिशवी, लांब फेकणारी काठी, माशाने आमिष ओढताच वाजणारी घंटा असे सामान घेऊन माणूस आला, तर तो हौशी असला तरी त्याची पकड व्यवसायाच्या जवळ जाऊ लागते. आक्षेपाचे खरे मूळ बहुधा इथे असते आणि पर्यावरणाचे नाव त्याला चिकटवले जाते. दोन्ही बाजूंनी हे उघड बोलावे. संस्थेने हौशींसाठी दिवसाची पावती ठेवावी, किती मासे न्यायचे याची मर्यादा सांगावी, आणि पावतीचे पैसे बोटुकलीत घालावेत. मुंबईत पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनने सभासदत्वाच्या चौकटीत गळाची मासेमारी चालवली. हौशी आणि तलाव यांच्यात नियमाचे नाते असू शकते याचे ते उदाहरण राज्यातच आहे.

या सगळ्याचे वजन करून मी पुढील मताला आलो आहे. पीव्हीएच्या पिशवीवर जिल्हाभर बंदी घालावी असे मला वाटत नाही. माजलगाव आणि मांजरा ही धरणे पुरेशी भरलेली असताना, संस्थेच्या परवानगीने, तळाच्या मृगळासाठी किंवा सायप्रिनससाठी कोणी ती वापरत असेल तर तिचे नुकसान नगण्य आहे आणि चाऱ्याची उधळपट्टी वाचते हा फायदा खरा आहे. पाझर तलाव, गावतळी आणि उन्हाळ्यात आटत आलेले कुठलेही पाणी मात्र तिच्यापासून मोकळे ठेवावे. तिथे ज्वारी-गव्हाचा गोळा पुरतो. धरणाचा साठा मृत पातळीकडे झुकू लागला की तिथेही तोच नियम लागू व्हावा, कारण मग धरण आणि डबके यांतला फरक कमी होत जातो. नव्याने गळ हाती धरणाऱ्याने सुरुवात पिठानेच करावी असे मला मनापासून वाटते. पिठाचे प्रमाण बदलत बसल्याने पाणी, तळ आणि मासा यांची जी ओळख होते, ती तयार पिशवी फेकून होत नाही. पुढे लांब फेकीसाठी पिशवीची गरज वाटली, तर तो माणूस ती कशासाठी घेतो हे जाणून घेईल.

जे लोक पिठावर समाधानी नाहीत आणि पीव्हीएही नको म्हणतात, त्यांच्यासाठी एक काम करून पाहण्यासारखे आहे. तांदळाच्या किंवा मक्याच्या पिठीचा पातळ, वाळवलेला पापडासारखा पडदा करून त्यात खाद्य गुंडाळता येईल का? कोरड्या हवेत तो टिकेल, पाण्यात मऊ पडून फुटेल, आणि मासा तोही खाईल. किती वेळात फुटतो, लांब फेकला तर टिकतो का, चिलापी त्याला किती टोचते, हे काठावर बसूनच ठरवावे लागेल. घरोघर कुरडया-पापड घालणाऱ्या जिल्ह्यात हे जमणार नाही असे मानायला मी तयार नाही, आणि कृषी विज्ञान केंद्रांनी किंवा महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्र विभागांनी त्यात हात घातला तर एका लहानशा गृहउद्योगाला वाट मिळेल.

संस्थांच्या वार्षिक सभा होतील तेव्हा पावतीच्या मागे तीन ओळी छापाव्यात एवढेच माझे मागणे आहे. उन्हाळ्यात आणि लहान तलावांवर पीव्हीए चालणार नाही. पन्नास ग्रॅमच्या खालचे शिसे चालणार नाही. आणि तुटलेला तंगूस काठावर सोडणाऱ्याची पुढची पावती फाडली जाणार नाही.